भावाला दुसऱ्यांदा अग्नी

१७ ऑक्टोबर २०२३

आज माझं रक्त घेऊन गेले.

सकाळी दारात लष्कराची गाडी. सुभेदार दिगंबर साळवी — कोकणातला, बोलायला नेमस्त, चहा नको म्हणाला आणि मग दोनदा घेतला. त्याचं म्हणणं, वर उत्तरेला बर्फ वितळलंय आणि त्यात काही जवानांचे अवशेष सापडलेत. बाहत्तर साली कडा कोसळून जी तुकडी गाडली गेली, तिच्यातलेच असावेत असा अंदाज. खात्रीसाठी सख्ख्या भावाचं रक्त लागेल.

"अंदाज कुणाचा?" मी विचारलं.

"वरचा."

वरचा म्हणजे कुणाचा, हे त्यालाही माहीत नसणार.

त्यांच्या दवाखान्यात नळीभर रक्त काढलं आणि नळीवर चिठ्ठी चिकटवली. मी चष्मा लावून वाचली. हिंदुराव गेनबा, मांजरी. बरोबर होती, तरी तिथल्या मुलीला पुन्हा एकदा वाचायला लावली. ती हसली. हसू दे. माझी सारी नोकरी ऊस संशोधन केंद्रात बेण्याच्या मोळ्यांना चिठ्ठ्या बांधण्यात गेली. वर चिठ्ठी एका जातीची आणि आत ऊस भलताच, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस चिठ्ठी लिहितो, मध्येच चहाला जातो, आणि परत येऊन दुसऱ्याच मोळीला बांधतो.

घरी आलो तर सोजर दारातच उभी. "कशापायी न्हेलं हुतं?"

"संपतसाठी," मी म्हणालो.

ती आत जाऊन भेंडी चिरायला बसली. मी बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होतो. हात थांबले नाहीत.

१८ ऑक्टोबर

कालची भेंडी अळणी होती! सोजरच्या हातून मीठ राहिलेलं मला आठवत नाही. लिहून ठेवतो.

२० ऑक्टोबर

हे कधी कागदावर आणलं नाही. आज आणतो, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

संपत माझा थोरला भाऊ. बाहत्तरच्या हिवाळ्यात गेला. पण 'गेला' म्हणायचीही सोय नव्हती, कारण तारेत 'बेपत्ता' असं होतं आणि आईनं तो एकच शब्द घट्ट धरून ठेवला. सोजर त्याची बायको. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्या वर्षात तो रजेवर आला एकदाच. बेपत्ता माणसाच्या बायकोनं कुंकू लावायचं की पुसायचं, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली लाव. ती लावत राहिली. मी तेव्हा तिच्याच वयाचा, कॉलेजात जाणारा.

बारा वर्षं वाट बघायची आणि मग क्रिया करायची, अशी रीत. बारा वर्षं झाल्यावर आमच्या वडिलांनी, आबांनी, कसब्यातून यज्ञेश्वर गुरुजींना आणलं. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस केला, नारळाचं डोकं. नदीकाठी सरण रचलं. त्या पानांच्या माणसाला संपतचा सदरा घातला, पायाशी बूट ठेवले, आणि घरात त्याचा एकच फोटो होता तोही आबांनी छातीवर ठेवला. म्हणाले, "त्येचं त्येला जाऊ द्या." अग्नी मी दिला. पानं ओली होती, नुसता धूर झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराचं की कशाचं, हे कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

पुढच्या वर्षी आबांनी सोजरचं लग्न माझ्याशी लावलं. भावकीत बोंबाबोंब झाली. आबांनी कुणाला जुमानलं नाही. मी तिशीचा झालो होतो आणि तोवर येईल त्या स्थळाला नाक मुरडत आलो होतो. का, ते आबांनी ओळखलं असावं. मला तीच हवी होती. दुसरी कुणी नको होती. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा म्हंत्याल तसं."

या उत्तरावर माझा संसार उभा आहे. चांगला झाला संसार, नाही म्हणत नाही. पण संपत आणि मी एकाच साच्यातले. नाक तेच, कपाळ तेच, चालसुद्धा तीच — सगळं गाव म्हणायचं. तेव्हापासून एक शंका माझ्या डोक्यात घर करून आहे. सोजर माझ्याकडे बघते तेव्हा कुणाला बघते?

४ नोव्हेंबर

लष्कराकडून काही कळलं नाही. बरंय.

९ नोव्हेंबर

वसुबारस. श्रीधर मगरपट्ट्याहून आला. पोरगं कंपनीत मॅनेजर झालंय आणि बापालाही मॅनेज करायला बघतं. म्हणाला, "नाना, डीएनए मॅच म्हणजे मॅच असतो. त्यात तुम्ही डाऊट काढू नका प्लीज."

मी म्हणालो, "डाऊट मी काढत नाही. तो असतो. मी फक्त दाखवतो."

"आईला काय वाटतंय, विचारलंत का तिला?"

"तूच विचार की."

त्यानं खरंच विचारलं. मी पेपर तोंडापुढे धरून ऐकत होतो. ती म्हणाली, "वाटायचं काय त्येच्यात? यायचा आसंल तर यील." आणि करंजीचं सारण परतत राहिली. सरळ प्रश्नाला असं वाकडं उत्तर द्यायची तिची सवय नाही. तिला काहीच वाटत नसतं तर तिनं 'काही वाटत नाही' असं सांगितलं असतं. मी तिला इतकं तरी ओळखतो.

२१ नोव्हेंबर

जुळलं.

साळवीचा फोन. संपतच आहे म्हणे. मंगळवारी आणतील, मानवंदना वगैरे सगळं रीतसर. फोन ठेवला आणि मला पहिल्यांदा काय आठवलं तर शाळेतून येताना त्यानं मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता ते. बसून राहिलो. किती वर्षांनी त्याची अशी नुसती आठवण आली, बाकी काही न चिकटता.

मग सोजरला सांगितलं. ती उंबऱ्यावर टेकली. विचारलं, "खातरी हाय का?"

यातलं काय समजायचं? खात्री असावी म्हणून विचारलं, की नसावी म्हणून? मी म्हणालो, "ते म्हणतायत, आहे." ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली. दुपारी दिवा कोण लावतं?

२३ नोव्हेंबर

साळवी घरी आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, मला शंका आहे. इतक्या वर्षांनी, इतक्या जणांमधून, एका नळीवरून तुम्ही सांगता हा संपत. पेटी उघडून दाखवाल का? तो म्हणाला, पेटी सीलबंद असते, उघडू नका असा सल्ला आहे, आत थोडंच आहे. मी म्हणालो, मग मी कशावरून मानू? शांतपणे म्हणाला, "काका, लेखी हरकत घ्या. पुन्हा तपासतील. बहिणीचंही रक्त घेतील. सहा महिने जातील, जाऊ देत."

सहा महिने. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला लिहू?

मग त्यानं फाईल उघडली. "शहीद संपत गेनबा यांच्या पत्नी — सोजरबाई. त्या कुठं आहेत?"

"आत आहे. माझी पत्नी आहे ती."

"नाही काका, मी शहिदांच्या पत्नीबद्दल विचारतोय."

"तीच."

बिचारा एकदा फाईलकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. एवढ्यात सोजर चहा घेऊन आली. ती साऱ्यांना देते तसा त्यालाही दिला आणि गेली. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. मी मात्र बघत होतो.

२४ नोव्हेंबर

लोणीहून मथुराआक्का आली. आमची थोरली बहीण, ऐंशी पार, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. रिक्षातून उतरता उतरताच सुरुवात. "रगत पायजेल आसंल तर माजं घ्या म्हनं. कुनाला शंका आलीया?"

मी चिठ्ठ्यांचं सांगायला लागलो, मोळ्यांचं, चहाचं. तिनं मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"हिंदू, बेण्याच्या मोळ्या ऱ्हाऊ दे. तुला त्यो घरात नको हाय."

सोजर तिथंच तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मी उठून गोठ्याकडे गेलो. गोठ्यात आता जनावर नाही, श्रीधरची जुनी गाडी असते. तिच्यापाशी उभा राहिलो. संध्याकाळी साळवीला फोन करून सांगितलं, हरकत नाही माझी.

आक्काचं खोटं नाही. भाऊ मला हवाय. पण भावासोबत तिचा पहिला नवराही घरात येतोय, आणि तो बावीस वर्षांचा आहे. मी अडुसष्टचा.

२५ नोव्हेंबर

कुंकवावरून रामायण.

आक्का म्हणाली, "सोजर, धा दिस तरी कुंकू काढ बाई. पयला नवरा हाय त्यो."

मी म्हणालो, "आणि दुसरा समोर बसलाय, त्याचं काय करायचं? पेटीत जागा असेल तर त्यालाही घाला."

"तुला कुनी इचारलं न्हाई."

"नवऱ्याला विचारायचं नाही, तर कुणाला विचारायचं?"

"कंच्या नवऱ्याला?" आक्का म्हणाली. 

शेवटी यज्ञेश्वर गुरुजींना फोन. नव्वदीला आलेत, ऐकू कमी येतं. सगळी हकिकत ओरडून सांगितली, शेजारच्या सोसायटीलाही कळली असेल. गुरुजी म्हणाले, "आपल्याकडे त्यांचा विधी मागेच झालाय. मीच केला होता. आता उरलाय तो फक्त अस्थींचा संस्कार आणि दहावा. आणि अहो, कुंकवाचं मला काय विचारता? ज्यांच्या कपाळावर आहे त्यांना विचारा."

सगळ्यांनी सोजरकडे बघितलं. ती म्हणाली, "बघू."

'बघू' हे उत्तर नाही. बाजारात भाजी आवडली नाही की माणूस 'बघू' म्हणतो.

२६ नोव्हेंबर

चौकात फ्लेक्स लागला. मच्छिंद्रनं लावला. मच्छिंद्र म्हणजे आमचे भावी नगरसेवक, गेली कित्येक वर्षं भावीच आहेत. 'मांजरीचे वीर सुपुत्र संपत अमर रहे.' खाली मच्छिंद्र हात जोडून, त्याच्या खाली मच्छिंद्रचा मित्रपरिवार, सगळे गॉगल लावून. संपतचा फोटो त्यानं लष्कराकडून मागवला — साऱ्या तुकडीचा एकत्र फोटो, त्यातलं नखाएवढं डोकं मोठं करून छापलंय. नुसते ठिपके. टोपी आहे हे कळतं, तिच्याखाली कोण हे कळत नाही. मच्छिंद्र मात्र ठळक आलाय.

दुपारी सोजर दळण घेऊन गिरणीत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बाहेर पडलो. ती फ्लेक्सपुढे उभी होती. पिठाचा डबा खाली ठेवलेला. मी चहाच्या टपरीआड थांबलो. लाज वाटली, तरी थांबलो. ती जवळ जायची, मग मागे सरून बघायची, मान एकीकडे करून बघायची, पुन्हा जवळ. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, उसाची गाडी अंगाला घासून गेली तरी हिचं लक्ष नाही. माझ्याकडे असं डोळे भरून तिनं कधी बघितलंय? आठवत नाही.

घरी आल्यावर विचारलं, "उशीर झाला?"

"गर्दी हुती गिरणीत," ती म्हणाली.

माझ्याशी खोटं बोलली.

२७ नोव्हेंबर

तिच्याशी आज बोललो नाही. तिच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

२८ नोव्हेंबर

संपत आला.

लष्कराच्या ट्रकमधून फुलांनी मढवलेली पेटी. माणसं इतकी की रस्ता बंद. शाळेची पोरं रांगेत उभी करून 'अमर रहे' म्हणायला लावलेली. संपत गेला तेव्हा त्यांचे आजोबाही पोरच असतील. मच्छिंद्र माईक सोडत नव्हता. पेटी उचलायला मी खांदा दिला आणि दचकलो, इतकी हलकी. फुलांचंच वजन असेल. मी खांदा दिलेल्या बाजूनं हळूच कान लावला. काय ऐकायचं होतं मला, देव जाणे.

सोजर आली ती आक्काच्या मागून. मी पहिल्यांदा कपाळ बघितलं. रोजचं ठसठशीत कुंकू नव्हतं. पुसलेलंही नव्हतं. बारीकशी टिकली, लांबून दिसणारही नाही अशी. अर्धी त्याची, अर्धी माझी. 'बघू'चा अर्थ हा निघाला. मंगळसूत्र पदराखाली होतं की नव्हतं, ते कळलं नाही. मी खूप प्रयत्न केला.

मग पेटीवरचा तिरंगा काढून घडी घातली. कर्नलसाहेबांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि माईकवरून पुकारलं — वीरपत्नी सोजरबाई. सगळे बाजूला झाले. ती पुढे गेलीच नाही. उलट एक पाऊल मागं सरली, आक्काच्या पाठीला हात लावला आणि तिला पुढं केलं. आक्कानं ध्वज घेतला, उराशी धरला, आणि रडली ती अशी की माझाही बांध फुटला. बायका सोजरकडे बघून कुजबुजत होत्या, "बिचारीला सोसंना."

मलाही तेच दिसलं. सोसलं नाही तिला. एका कापडाच्या घडीला हात लावायची ताकद राहिली नाही, इतका तो अजून तिच्या आत आहे.

अग्नी मीच दिला, दुसऱ्यांदा. या वेळी लाकडं सुकी होती, लगेच पेट घेतला. बंदुकांचे बार झाले तेव्हा नदीकाठचे सगळे बगळे उडाले. मी ज्वाळांकडे बघायला हवं होतं. मी सोजरकडे बघत होतो. ती रडत नव्हती. कपाळाला आठ्या घालून खाली बघत होती. हिशेब चुकल्यावर माणूस करतो तसा चेहरा.

२९ नोव्हेंबर

मंगळसूत्र गळ्यात आहे. काल होतं का, ते विचारलं नाही.

२ डिसेंबर

भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येक जण सोजरजवळ बसतो आणि म्हणतो, "कसे होते हो संपतराव?" ती आक्काकडे बघते. आक्का सांगते — कुस्ती, विहिरीतल्या उड्या, रजेवर आला तेव्हा आईला आणलेलं लुगडं. सोजर हूं हूं करते. त्याच्याविषयी माझ्यादेखत एक शब्द बोलत नाही. माझ्यादेखत नाहीच, पण मी आत गेलो तरी नाही. दाराशी थांबून ऐकलं.

जे जपून ठेवायचं असतं, ते माणूस चारचौघांत बाहेर काढत नाही.

७ डिसेंबर

दहावा. नदीकाठी.

डोकं आणि मिशी उतरवली. मिशी कॉलेजापासूनची, मागच्या क्रियांनाही राखलेली. न्हावी म्हणाला, "काका, दहा वर्षांनी तरुण दिसताय." वळलो तर सोजर माझ्याकडेच बघत होती, टक लावून, तोंडावर पदर धरून. संपतला मिशी नव्हती. तुकडीत ठेवत नव्हते का कुणास ठाऊक, त्याचा ओठ सदा कोरा. म्हणजे आज मी पुरता संपत झालो. तिनं नजर काढली नाही, मलाच काढावी लागली.

पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. बाभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा. एकही खाली येईना. ऊन चढलं. गुरुजींचा नातू म्हणाला, मनात काही इच्छा राहिली असेल त्यांच्या, कुणीतरी शब्द द्या.

मच्छिंद्र पुढे. "चौकाला संपतरावांचं नाव देणार! कमान उभारणार!" कावळे ढिम्म.

आक्का म्हणाली, "भावा, आईनं शेवटपातूर तुजीच वाट बघितली. आता जा तिच्याकडं." एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि तिथंच बसला.

श्रीधर म्हणाला, "काका, तुमची सगळी फॅमिली ओके आहे." काकाला काय कळलं असेल!

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गेलो. त्याला काय हवंय, हे मला एकट्यालाच माहीत होतं. मोठ्यानं म्हणालो, "आम्ही सुखात आहोत, काळजी करू नकोस." आणि मनात म्हणालो, दादा, ती तुझी होती. पुढच्या जन्मी तिच्यासाठी मी हात पुढे करणार नाही. आणि हे मी खरंच म्हणत होतो. कावळा आला नाही.

मी मागे आलो आणि सोजर उठली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. चालत पिंडापाशी गेली, वाकली, पदर पुढे ओढला. ओठ हलताना दिसले. एखादा शब्द नव्हे, चांगली दोन-तीन वाक्यं बोलली. हात जोडले आणि वळली. तिची पाठ फिरतेय तोच कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारली. मग बाकीचेही आले.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मच्छिंद्र सगळ्यांना सांगत होता की कमानीचा शब्द लागू पडला. मी दादाला माझी बायको देऊ केली, तेही त्याला पुरलं नाही. तिनं काय दिलं, की तो लगेच निघाला?

८ डिसेंबर

आक्काला विचारलं, तू जवळ होतीस, ऐकलंस का?

"न्हाई. आन् ऐकलं आसतं तरी तुला सांगितलं नसतं."

मग सोजरला विचारलं. सहज विचारल्यासारखं, पेपर वाचता वाचता. "काय बोललीस काल?"

"द्येवाचं," ती म्हणाली.

खोटं. देवाचं बोलायला ओठाशी पदर कशाला धरावा लागतो?

१० डिसेंबर

काय काय म्हणाली असेल, ते सगळं मी मनात लिहून बघितलं. येतेच तुमच्या मागनं. किंवा — पुढच्या जन्मी तुमचीच. किंवा — हे सगळं आबांनी केलं, माझ्या मनात तुम्हीच होता. यातलं कुठलंही तिच्या तोंडी घातलं की बसतं. हेच वाईट आहे.

आक्का लोणीला गेली. जाताना म्हणाली, "तोंड बघ की आरशात जरा, सुतक फिटलं तरी उतरंना." तोंड बघायचं नाही म्हणून तर दाढी करत नाहीये.

११ डिसेंबर

माझी कॉट बाहेरच्या खोलीत ओढली. सोजर मागून येऊन जाड रग ठेवून गेली.

१३ डिसेंबर

जेवण जात नाही. श्रीधरचा फोन, बीपी तपासा म्हणतो. बीपीला काही झालं नाही. इतकी वर्षं जिच्यासोबत काढली, तिनं मेलेल्या माणसाला जे सांगितलं ते जिवंत माणसाला सांगत नाही. माझा सगळा संसार दुसऱ्याच्या चिठ्ठीवर झाला असेल, तर आता ते कळलेलं बरं. उद्या विचारणार. पेपर न धरता.

१४ डिसेंबर

विचारलं. "तू त्याला काय सांगितलंस, ते मला हवंय. काहीही असू दे."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मुंडावळ्या बांधलेल्या नव्या नवरीसारखी खाली बघत राहिली. मग म्हणाली, कुणाला सांगितलं असतं तर जगानं तोंडात शेण घातलं असतं, म्हणून इतकी वर्षं मनातच ठेवलं. फ्लेक्सवर तरी सापडंल म्हणून बघितलं, तिथंही नुसते ठिपके. तो ध्वज घ्यायला हात पुढे येईना, चोरी केल्यासारखं वाटलं.

"मी त्येस्नी म्हणलं, तुमचं त्वांड मला आठवत न्हाई. लई वर्सं झाली. आठवाया बसलं की ह्यांचंच येतंय. राग धरू नका, आन् जावा आता."